‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीमागचा कायदा

पुण्याकोल्हापुरातल्या एखाद्या जुन्या दुकानावर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी दिसली की आपण ती दुकानदाराच्या तिरसटपणाचा नमुना म्हणून हसण्यावारी नेतो. प्रत्यक्षात त्या पाटीत तिरसटपणा कमी आणि धास्ती जास्त असते. आपल्या नावाने, किंवा आपल्या नावाला जेमतेम एखादे अक्षर जोडून, चार गल्ल्या पलीकडे कोणीतरी तोच माल विकू लागला आहे, गिऱ्हाईक तिथे फसते आहे आणि तिथल्या खराब मालाचा दोष आपल्या माथी येतो आहे, हे दुकानदाराला कळून चुकलेले असते. त्यावर त्याला सुचलेला उपाय म्हणजे रंगाऱ्याला बोलावून पाटी लिहून घेणे. ट्रेडमार्कचा कायदा नेमका याच दुखण्यासाठी आहे. आपल्याकडे सध्या लागू असलेला कायदा १९९९ सालचा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. ट्रेडमार्क नोंदणीचे मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे आणि महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांतले अर्ज तिथल्याच अधिकारक्षेत्रात येतात.

सरकारी मराठीत ज्याला ‘व्यापारचिन्ह’ म्हणतात त्याला बाजारात पूर्वापार ‘छाप’ किंवा ‘मार्का’ म्हटले जात आले आहे, आणि हे जुने शब्द मला अधिक नेमके वाटतात. गिऱ्हाइकाला वाचता येत नव्हते तेव्हा हत्ती छाप, घोडा छाप, माकड छाप अशा चित्रांवरून माल ओळखला जाई. घरातले पोर वाण्याकडे पाठवताना ‘माकडाचे चित्र बघून घे’ एवढे सांगितले की पुरे होई. चित्र पाहिले, मागच्या वेळचा अनुभव आठवला आणि माल घेतला, ही जी साखळी गिऱ्हाइकाच्या मनात तयार होते तिचे रक्षण कायदा करतो. शब्दाची मालकी तो कोणालाही देत नाही. शब्द भाषेचा असतो आणि भाषेचाच राहतो. ठरावीक मालावर ती खूण वापरण्याचा आणि दुसऱ्याने गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल अशा रीतीने वापरली तर त्याला रोखण्याचा हक्क मात्र मिळतो. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढच्या बहुतेक शंकांची उत्तरे आपोआप सापडू लागतात.

माझे रोजचे काम असे अर्ज भरून देण्याचे आहे. काही दिवसांपूर्वी सातारा भागातल्या एक काकू मेतकूट, थालिपीठाची भाजणी आणि गोडा मसाला यांची पाकिटे पिशवीत घालून माझ्याकडे आल्या होत्या. त्यांचे खरे नाव आणि मालाचे नाव इथे देत नाही. मालाचे नाव आपण ‘ओसरी’ धरून चालू. बचत गटाच्या प्रदर्शनापासून सुरू झालेला त्यांचा व्यवसाय आता बऱ्यापैकी वाढला होता, आणि तालुक्यातल्याच एका नव्या विक्रेत्याने ‘ओसरीची चव’ या नावाने मसाले काढले होते. काकूंनी टेबलावर एकेक कागद मांडला. शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, जीएसटीचा क्रमांक आणि शेवटी वेबसाइटचे नाव विकत घेतल्याची पावती. ‘एवढे सगळे सरकारी कागद माझ्या नावावर आहेत, मग नाव माझे नाही का?’ असा त्यांचा प्रश्न होता.

हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. शॉप ॲक्टचा दाखला सांगतो की अमुक ठिकाणी अमुक धंदा चालतो. अन्न परवाना सांगतो की खाद्यपदार्थ बनवण्याची परवानगी आहे. जीएसटीचा संबंध कराशी आहे. कंपनी स्थापन करताना कंपनी निबंधकाकडे नाव मंजूर होते तेव्हासुद्धा, मंजुरी मिळाली म्हणजे ते नाव मालावर छापण्याचा हक्क आपल्याला मिळाला असे होत नाही. वेबसाइटचे नाव तर जो आधी पैसे भरेल त्याला मिळते. एकाच नावाने साताऱ्यात एकाला आणि सोलापुरात दुसऱ्याला शॉप ॲक्टचा दाखला मिळण्यात काहीही अडचण नाही, कारण ते नाव कोणाचे हे तपासणे त्या खात्याचे कामच नाही. अर्थात हे कागद निरुपयोगी आहेत असे अजिबात नाही, आणि काकूंचा सर्वांत मोलाचा कागद तर त्यांनी मांडलेल्या ढिगात नव्हताच. तो पुढे येईल.

नाव निवडताना होणारी पहिली चूक म्हणजे मालाचे वर्णन करणारे शब्द निवडणे. काकूंनाही आधी कोणीतरी ‘अस्सल घरगुती मसाले’ या नावाची नोंदणी करण्याचा सल्ला दिला होता. हे नाव जवळजवळ निश्चितपणे अडकले असते. कायद्याच्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा मूळ ठिकाण एवढेच सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी होत नाही, कारण ‘अस्सल’ आणि ‘घरगुती’ हे शब्द उद्या प्रत्येक मसालेवाल्याला लागणारच. ‘अमृततुल्य’ हा शब्द घ्या. पुण्यातल्या चहाच्या कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे आज तो एका मालकाची ओळख सांगत नाही, चहाच्या दुकानाचा प्रकार सांगतो. चहावाल्याची खरी ओळख ‘अमृततुल्य’च्या आधी जो शब्द येतो त्यात असते आणि संरक्षण मागायचे ते त्या शब्दासाठी.

चांगली नावे कशी असतात हे मराठी घरात सहज सापडणाऱ्या वस्तूंवरूनच पाहता येते. ‘विको’ हा शब्द विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावातल्या अक्षरांतून बनला. त्याला कोशात अर्थ नाही, म्हणून तो बळकट आहे. ‘कॅम्लिन’ हा कॅमल आणि इंक यांच्या जोडातून घडला. ‘पितांबरी’ हे नाव मला विशेष आवडते, कारण ते पितळ घासण्याच्या पावडरीचे वर्णन करत नाही, तरीही पिवळ्याधमक रेशमाची झळाळी मनात आणून सोडते. असे सूचक नाव कायद्याला चालते आणि गिऱ्हाइकालाही लक्षात राहते. ‘ओसरी’ या शब्दाचा मसाल्याशी काही संबंध नाही, म्हणूनच मसाल्यासाठी तो चांगला. घरांच्या बांधकामासाठी तोच शब्द कच्चा ठरला असता. याला अपवादही आहेत. ‘पार्ले’ हे तर सरळ मुंबईच्या एका उपनगराचे नाव, परंतु वर्षानुवर्षांच्या वापराने बिस्किटाच्या बाबतीत ते ऐकताच लोकांना स्टेशन न आठवता पुडा आठवू लागला. वापराने कमावलेल्या अशा ओळखीला कायदा मान देतो. मात्र ती ओळख पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, आणि नव्या व्यावसायिकाकडे तो पुरावा कुठून असणार?

काही नावे कितीही आवडली तरी मिळत नाहीत. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि ‘शिवाजी’ हा शब्दही आहे, त्यामुळे आपल्याकडे भक्तिभावाने केलेले असे अर्जही नाकारले जाऊ शकतात. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याला देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले. धर्मग्रंथाचे नाव कोणा एका व्यापाऱ्याचे कसे होईल, असा त्यामागचा विचार आहे. कोल्हापुरी चप्पल, पैठणी किंवा गोव्याची फेणी यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती भौगोलिक उपदर्शने, म्हणजे जीआय टॅग आहेत, आणि त्या नावांचा हक्क त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचा मिळून असतो. एखादा कारागीर कोल्हापुरी चपलांवर आपला स्वतंत्र मार्का उमटवू शकतो, परंतु ‘कोल्हापुरी’ हा शब्द आपल्या एकट्याचा करून घेऊ शकत नाही.

नाव ठरले की शोध घ्यायचा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट घेता येतो आणि तिथे उच्चारावरून शोधण्याचीही सोय आहे. नेमकी तीच सोय लोक वापरत नाहीत. रोमन लिपीत ‘ओसरी’ हा शब्द एका प्रकारे लिहून पाहतात, काही सापडले नाही की निर्धास्त होतात. परंतु मराठी शब्द रोमन लिपीत चार प्रकारे लिहिला जातो, एक ‘ओ’ दोन प्रकारे लिहिता येतो, दीर्घ ‘री’ आणखी दोन प्रकारे, आणि कार्यालयातला अर्ज तपासणारा परीक्षक ते सगळे प्रकार पाहतो. मी स्वतः शोध घेताना शब्द मोठ्याने उच्चारतो, फोनवरून ऐकू आल्यासारखा कल्पतो आणि मग त्याच्या जवळपासचे शब्द टाकून बघतो. काकूंच्या वेळी मसाल्यांच्या वर्गात असे जवळचे नाव सापडले नाही. फर्निचरच्या वर्गात एक सापडले, त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते.

इथे ‘वर्ग’ या शब्दाचा खुलासा हवा. जगभरातला माल आणि सेवा ४५ वर्गांत विभागलेल्या आहेत. पहिले ३४ मालाचे आणि पुढचे ११ सेवांचे. मसाले, पीठ, चहा, कॉफी आणि मिठाई वर्ग ३० मध्ये येतात, लोणची आणि दुधाचे पदार्थ वर्ग २९ मध्ये, कपडे वर्ग २५ मध्ये आणि उपाहारगृह वर्ग ४३ मध्ये. नोंदणी ज्या वर्गासाठी आणि त्यातल्या ज्या मालासाठी मागितली त्यापुरतीच मिळते. शुल्कही प्रत्येक वर्गाला वेगळे लागते: ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ४,५०० रुपये, बाकी सर्वांना ९,००० रुपये. काकूंची उद्यम नोंदणी इथे कामाला आली. वर्ग वेगळा म्हणजे वाद होणारच नाही असे मात्र समजू नये, कारण शेवटी पाहिले जाते ते गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल की नाही. कर्नाटकातल्या दूध महासंघाचे ‘नंदिनी’ दूध आणि ‘नंदिनी डिलक्स’ ही उपाहारगृहांची साखळी यांच्यातला वाद २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि उपाहारगृहाला नाव ठेवू देण्यात आले. दोन्ही चिन्हांची मांडणी वेगळी होती, व्यवहार वेगळे होते आणि ‘नंदिनी’ हा काही कोणी नव्याने घडवलेला शब्द नव्हता.

अर्जातला एक छोटा रकाना पुढे सगळे भवितव्य ठरवू शकतो. हे नाव कधीपासून वापरात आहे, हे तिथे विचारलेले असते. अजून वापर सुरू केला नसेल तर ‘वापरण्याचा इरादा आहे’ असे लिहिता येते, आणि सुरू केला असेल तर तारीख लिहून सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावा द्यावा लागतो. अनेक एजंट वेळ वाचवण्यासाठी पहिला पर्याय भरून मोकळे होतात, आणि दहा वर्षे जुना धंदा कागदावर आजच जन्माला येतो. काकूंनी सुरुवातीची तारीख ‘साधारण सात वर्षांपूर्वी’ अशी सांगितली; पुरावा विचारला तर नाही म्हणाल्या. मग बोलता बोलता त्यांना आठवले की पहिली लेबले गावातल्या छापखान्यात छापली होती. दुसऱ्या खेपेला त्या येताना एक घडी पडलेली पिवळी पावती घेऊन आल्या. पाचशे लेबले, एकरंगी, नावासह आणि तारखेसह. त्या ढिगातल्या कोणत्याही सरकारी दाखल्यापेक्षा ही पावती अधिक बोलकी होती, कारण त्या तारखेला ‘ओसरी’ हे नाव मसाल्याच्या पाकिटावर होते, हे ती सांगत होती. सोबत प्रदर्शनातल्या स्टॉलच्या भाड्याची पावती आणि स्थानिक वर्तमानपत्रातली एक बारकी जाहिरात जोडली.

तारखेला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी तिरुनेलवेलीच्या हलव्याची गोष्ट सांगतो. ‘इरुट्टुक्कडै’ या तमिळ शब्दाचा अर्थ अंधारे दुकान. अपुऱ्या उजेडात हलवा विकणाऱ्या त्या जुन्या दुकानाचे लोकांनीच पाडलेले नाव पुढे इतके गाजले की दुसऱ्या एकाने ‘तिरुनेलवेली इरुट्टुक्कडै हलवा’ या नावाची नोंदणी करून घेतली. आता दोघांकडेही नोंदणी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला तो आधीपासून वापर करणाऱ्याच्या बाजूने. नोंदणीमुळे हक्क जन्माला येत नाही, असलेल्या हक्काला कागदाचा आधार मिळतो, हे तत्त्व त्या निकालात ठळकपणे आले. कायद्याच्या कलम ३४ मध्येही आधीच्या वापरकर्त्याला असेच अभय दिलेले आहे, आणि नोंदणी अजिबात नसतानाही, दुसरा स्वतःचा माल आमचा म्हणून खपवतो आहे, अशी दाद न्यायालयात मागता येते.

हे वाचून कोणी म्हणेल की मग नोंदणीची गरजच काय? गरज आहे, कारण बिननोंदणीच्या दाव्यात आपली कीर्ती, समोरच्याने केलेली दिशाभूल आणि त्यातून होणारे नुकसान हे तिन्ही आपल्यालाच सिद्ध करावे लागते. नोंदणी असेल तर दाखला पुढे ठेवून सुरुवात करता येते, आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच न्यायालयात दावा लावता येतो आणि हक्क देशभर चालतो. ऑनलाइन बाजारांतही आपल्या नावाने माल विकणाऱ्या दुसऱ्याला हटवायचे तर पहिल्यांदा नोंदणीचाच क्रमांक विचारतात.

वापर आणि नोंदणी यांची रस्सीखेच पाहायची तर पुण्याच्या ‘बर्गर किंग’ खटल्यासारखे दुसरे उदाहरण नाही. पुण्यातले या नावाचे खाद्यगृह १९९२ पासून चालते. त्याच नावाच्या जगप्रसिद्ध अमेरिकी कंपनीची भारतात नोंदणी त्याआधीची होती, परंतु भारतातले पहिले उपाहारगृह तिने २०१४ मध्ये उघडले. कंपनीने २०११ मध्ये पुण्यात दावा दाखल केला. जुलै २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुण्याच्या खाद्यगृहाचा वापर कंपनीच्या इथल्या प्रत्यक्ष व्यवसायाच्या कितीतरी आधीचा होता. कंपनी अपिलात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निर्णय होईपर्यंत खाद्यगृहाला नाव वापरण्यास मनाई केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली. अंतिम निर्णय काय लागायचा तो लागो, दावा दाखल झाल्यापासून एका पिढीतली मुले शाळेत जाऊन बाहेर पडली एवढे खरे. परदेशातल्या कीर्तीला इथे किती किंमत द्यायची, हा प्रश्न ‘प्रियस’च्या खटल्यातही आला होता. टोयोटाची ‘प्रियस’ मोटार जपानमध्ये १९९७ मध्ये आली, परंतु भारतीय कंपनीने मोटारीच्या सुट्या भागांसाठी २००१ पासून हे नाव वापरायला घेतले तेव्हा भारतातल्या गिऱ्हाइकाला ती गाडी माहीत होती हे टोयोटाला दाखवता आले नाही, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल भारतीय कंपनीच्या बाजूने गेला. ट्रेडमार्कचा हक्क देशापुरता असतो. आखातात किंवा अमेरिकेत भाजणी पाठवणाऱ्यांनी हे उलट्या बाजूने वाचावे: इथली नोंदणी तिथे चालत नाही. भारत २०१३ मध्ये माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाल्यापासून एकाच अर्जाद्वारे अनेक देशांत नोंदणी मागता येते, तिचा निर्णय मात्र प्रत्येक देश स्वतः करतो.

दोन नावे ‘सारखी’ आहेत हे कसे ठरते? शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत बसायचे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. ‘ग्लुकोविटा’ या ग्लुकोजच्या पावडरीचे नाव नोंदलेले असताना दुसऱ्या कंपनीने बिस्किटांसाठी ‘ग्लुविटा’ मागितले. ग्लुकोज वेगळे आणि बिस्किटे वेगळी, शिवाय मधले एक अक्षर नाही, असा युक्तिवाद झाला; न्यायालयाने तो मानला नाही. सामान्य बुद्धीच्या आणि अर्धवट आठवण असलेल्या माणसाच्या नजरेने पाहायचे, असा निकष तिथे लागला. गिऱ्हाइकाच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताशी मूल आणि डोक्यात यादी असते. तो लेबल वाचत नाही, ओळखतो. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या १९६२ सालच्या निकालातही हाच निकष होता आणि नावे सारखी ठरली. तरीही ‘लक्ष्मणधारा’ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ‘अमृतधारा’वाल्यांनी तिथला तिचा खप दीर्घकाळ पाहूनही हरकत घेतली नव्हती. आजच्या कायद्यात तर नोंदलेल्या दुसऱ्या चिन्हाचा वापर माहीत असूनही सलग पाच वर्षे गप्प बसणाऱ्याला, समोरच्याची नियत वाईट नसेल, तर पुढे आक्षेप घेता येत नाही. औषधांच्या बाबतीत निकष आणखी कडक आहे. २००१ मध्ये ‘कॅडिला’ नावाच्याच दोन कंपन्यांमधल्या वादात न्यायालयाने बजावले की औषधाच्या नावाचा घोटाळा जिवावर बेतू शकतो.

काकूंचा प्रतिस्पर्धी म्हणत होता की त्याने ‘ओसरी’ नव्हे, ‘ओसरीची चव’ लिहिले आहे. या युक्तिवादात काही दम नाही, कारण ‘चव’ हा शब्द मसाल्याच्या बाबतीत कोणाचीच ओळख सांगत नाही आणि वजा केला की मागे उरते ती ‘ओसरी’च.

आडनावाचा प्रश्न मराठी व्यावसायिकाच्या फार जिव्हाळ्याचा असतो. ‘माझे आडनाव मी लावणार, मला कोण अडवणार?’ हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो. कायदा प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतो हे खरे, परंतु ‘प्रामाणिकपणे’ या शब्दाला तिथे वजन आहे. किर्लोस्कर समूहाच्या १९९५ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने किर्लोस्कर हेच आडनाव कंपन्यांच्या नावात वापरणाऱ्यांना मनाई केली, कारण लक्ष्मणरावांच्या काळापासून त्या नावाभोवती जमलेली पत समूहाच्या व्यवसायाची होती आणि नव्या कंपन्यांमुळे लोकांना त्यांचा समूहाशी संबंध वाटला असता. भावाभावांत धंद्याची वाटणी होते तेव्हा दुकान, गाळा, भट्टी, अगदी तराजूसुद्धा वाटणीपत्रात येतो, आणि नाव मात्र ‘दोघांचे’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या पाहण्यातल्या वादांत सर्वाधिक कटू वाद याच ‘दोघांचे’ या शब्दातून उगवलेले आहेत. नाव कोणाकडे, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या मालासाठी, हे वाटणीच्या दिवशीच लिहून घ्यावे.

लोगोच्या बाबतीतही असाच एक सापळा आहे. लोगो ज्याने पैसे घेऊन काढून दिला त्या बाहेरच्या चित्रकाराकडेच साधारणपणे त्याचा कॉपीराइट राहतो, तो लेखी स्वरूपात आपल्याकडे हस्तांतरित करून घेतल्याखेरीज आपला होत नाही. पैसे दिल्याची पावती आणि हक्क दिल्याचा कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसेच लेबल नोंदवायचे की नुसता शब्द, असा निर्णय घ्यायचा असेल आणि खिशात एकाच अर्जाचे पैसे असतील, तर शब्द बळकट असल्यास मी आधी शब्द नोंदवायला सांगतो, कारण लेबलाचा रंग आणि चित्र दर पाच वर्षांनी बदलते, शब्द टिकतो. नोंदणीची मजल कुठवर जाते पाहा: ॲपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलच्या इमारतीचे बाह्यरूपच २०१७ मध्ये चिन्ह म्हणून नोंदले गेले.

अर्ज केल्यानंतरची वाट लांब असली तरी अवघड नाही. अर्ज भरल्याबरोबर नावाशेजारी ‘टीएम’ ही अक्षरे लावता येतात. खरे तर त्यासाठी अर्जाचीही गरज नसते. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीचा दाखला हाती आल्याशिवाय लावणे बेकायदेशीर आहे, आणि छापखानेवाले तो शोभेसाठी परस्पर टाकून देतात, तेव्हा प्रूफ नीट पाहावे. परीक्षकाने हरकत काढली तर संकेतस्थळावर अर्जाची स्थिती ‘ऑब्जेक्टेड’ अशी दिसते आणि लोक घाबरून फोन करतात. ती केवळ कार्यालयाची शंका असते. तिला ३० दिवसांत उत्तर द्यायचे. ‘अपोज्ड’ हा शब्द वेगळा. स्वीकारलेले चिन्ह दर आठवड्याला निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते, त्यानंतर चार महिने कोणालाही विरोध नोंदवता येतो, आणि कोणी तो नोंदवला तर ‘अपोज्ड’ दिसते. या विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि मुदत वाढवून मिळत नाही. नोटीस ईमेलवर येते. धंद्याच्या गडबडीत काढलेला, पासवर्ड विसरलेला ईमेल पत्ता अर्जात दिल्याने बुडालेले अर्ज मी पाहिले आहेत. याच सुमारास आणखी एक टपाल येऊ शकते, सरकारी वाटणाऱ्या लेटरहेडवर ‘आंतरराष्ट्रीय नोंदवही’साठी पैसे मागणारे. अर्जदारांचे पत्ते जर्नलमधून उचलून असे ठकवणारे जगभर आहेत. ते पत्र सरळ केराच्या टोपलीत टाकावे.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे टिकते आणि दर दहा वर्षांनी शुल्क भरून हवी तितकी वर्षे वाढवता येते. परंतु नुसती नोंदवून कपाटात ठेवलेली खूण, नोंदणीनंतर सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरली नाही, तर दुसरा कोणी ती रद्द करून घेऊ शकतो. उलट टोकाला अतिवापराचाही धोका असतो. आपल्याकडे खेड्यातल्या दुकानात ‘कोलगेट द्या’ म्हणत कोणतेही टूथपेस्ट मागतात आणि कुठल्याही यंत्रावर ‘झेरॉक्स’ काढतात. अमेरिकेत ‘एस्कलेटर’ आणि ‘थर्मॉस’ ही नावे अशीच वस्तूची नावे होऊन मूळ मालकांच्या हातून निसटली.

काकूंच्या प्रतिस्पर्ध्याला एक नोटीस गेली आणि त्याने नाव बदलायला दोन महिने मागितले. त्याची छापलेली पाकिटे संपायची होती. काकूंनी मागणी मान्य केली, फक्त पाकिटांची संख्या लिहून घेतली. वर्ग ३० चा अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला असून चार महिन्यांपैकी तीन उलटले आहेत. दरम्यान त्यांच्या सुनेने ‘ओसरी’ नावाने कैरीचे लोणचे काढले आहे. त्याची लेबले छापून आली, वर्ग २९ चा अर्ज अजून भरायचा आहे. या खेपेची छापखान्याची पावती मात्र सुनेने त्याच दिवशी फोटो काढून मला पाठवली.